निरोप दोनदा परत

—अहो, चपला आत घ्या, आत घ्या! बाहेर ठेवल्यात तर माकडं पळवतील आणि मग केळं देऊन सोडवत बसावं लागेल. हां. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय लंगडा आहे, ह्या तख्तावर बसा. तर काय म्हणत होते मी जिन्यात? हां — की ती चूक आमच्याकडची नाहीच मुळी. छे! तुम्ही आईंना घेऊन नागपूरहून यात्रेला आलात, आई तिकडे दशाश्वमेधावर गुरुजींपाशी बसल्यात, आणि तुम्ही तेवढ्यात वेळ काढून ब्रह्मा घाटाच्या गल्ल्या पालथ्या घालत इथं आलात — कशाला? तर आमच्या देवदत्ताचा नंबर कापला तो बरोबर कापला का, हे समोरासमोर विचारायला. हे मला आवडलं. खरंच आवडलं. पण तो घरात नाही, सब्जी आणायला गेलाय, येईलच. तोवर मी आहे. मी त्याची आत्या, प्रभावती. आणि तुम्ही श्रीनिवासराव — निरोपांच्या खाली नाव असतं, ते तुम्हीच ना? मला वाटलं होतं चांगले जाडेजुडे असाल. लिहिता अगदी वजनदार.

चाय घेणार? घेणारच, विचारतेय कशाला. पाणी चढवलेलंच आहे. — तर मी सांगते काय झालं. बिजली! बनारसची बिजली तुम्हाला ठाऊक नाही. दिवसात दहादा जाते, आली की अशी येते की बल्ब फुटतो. आता त्या बिचाऱ्या कम्प्युटरनं काय करावं? डोकं फिरणारच त्याचं. आणि दुसरं म्हणजे माकडं. टेलिफोनची तार गच्चीवरून येते, तिच्यावर लोंबकळतात मेली, झोके घेतात. आणि धूळ! आणि दमट हवा! गंगा वाढली की भिंतींना पाणी सुटतं इथं. इतकी कारणं आहेत, तुम्ही कुठलंही एक लिहून टाका. हसता काय? मी खोटं बोलतेय का? माकडं दाखवू?

बरं, हे बघा. तुम्ही ह्या धंद्यातले, तुम्हाला काय सांगायचं, पण मी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे मला कितपत कळलंय ते तुम्हालाच कळेल. तीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवलाय मी, समजावून सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. तर तो तिथे, जुनी शाल पांघरून बसलाय, तो आमचा बोर्ड. म्हणजे कम्प्युटर, आणि त्याला टेलिफोन जोडणारी ती डबी. गावातले दहा-बारा जण आपापल्या घरून फोन लावायचे, इथे निरोप लिहून ठेवायचे, दुसऱ्यांचे वाचायचे. विद्यापीठातले आठ-दहा पोरगे, एक रेल्वेतले बाबू, एक होमिओपॅथीचे डॉक्टर. संपलं. आमचं गावातल्या गावात. ह्याच्यावर देवदत्त कुठे समाधानी? त्याला तुमच्या जाळ्यात शिरायचं होतं. हौशी लोकांचं जाळं, कोणी मालक नाही, कोणी नोकर नाही, आमचा कम्प्युटर पहाटे पाचला नागपूरला फोन लावणार, आमचे निरोप देणार, तिकडचे घेणार, नागपूरचा मुंबईला, मुंबईचा आणखी कुठे — आणि दोन दिवसांत अर्जेंटिनाच्या माणसाला ब्रह्मा घाटावरून नमस्कार! आत्ये, म्हणाला, आपल्या घराला नंबर मिळेल. जगाच्या यादीत. दर शुक्रवारी ती यादी निघते आणि त्यात वाराणसी म्हणून एकच ओळ असेल, ती आपली. वेडाच झाला होता हो.

आठ महिने लागले. का? तर आमचा बोर्ड त्यानं स्वतः घडवलेला, त्याची भाषा वेगळी, तुमच्या जाळ्याची वेगळी. मध्ये दुभाषा पाहिजे. तो दुभाषा — प्रोग्राम म्हणायचं ना? — त्यानंच लिहिला. विद्यापीठातली नोकरी करून आला की जेवायचा आणि बसायचा. आई-बाप लहानपणीच गेले, मी वाढवला त्याला, कधी हट्ट म्हणून केला नाही पोरानं. पहिला हट्ट हा, तोही स्वतःशीच. आणि ज्या दिवशी तुमचा निरोप आला ना, की नंबर दिला, यादीत नाव घातलं — तुम्हीच लिहिला होतात, "काशीक्षेत्राचे स्वागत असो" — त्या दिवशी तो संकठादेवीला नारळ फोडून आला आणि गल्लीत पेढे वाटले. लोकांना वाटलं लग्न जमलं. शेजारची प्रत्येक बाई येऊन मला विचारून गेली, मुलगी कुठली. काय सांगू? नागपूरची, म्हटलं.

घ्या, चाय घ्या. आलं जास्त झालंय का? असू दे, यात्रेत घसा बसतो.

आणि तुम्ही तो नंबर कापलात. हो, हो, मला कळतंय, तुमची बाजूही आहे. नागपूरचा कम्प्युटर गच्च भरला, आठवडाभर बंद पडला, सगळ्या देशाचे निरोप अडकले. एकेक निरोप दोनदा, चारदा, आठदा. होमिओपॅथीवाल्या डॉक्टरांनी विचारलं होतं, गुडघ्याला काय लावता, तर तो गुडघा म्हणे मद्रासपर्यंत बत्तीस वेळा गेला. तुम्ही सगळ्यांपुढे लिहिलंत — वाराणसीचा चालक बेजबाबदार आहे. बेजबाबदार! माझा देवदत्त! अहो, तो तर तेव्हा लखनौला होता, ट्रेनिंगला, आठ दिवस, त्यानं कशाला हात तरी —

नाही, म्हणजे — कम्प्युटर काय, आपोआपही चालतो ना. पहाटे पाचला तो आपोआप फोन लावायचा. घड्याळ आहे त्याच्यात. घरी कोण होतं? घरी कोणी... माकडं होती. बघा, जिलेबी आणवायची राहिलीच. कोपऱ्यावरचा हलवाई सायंकाळची ताजी काढतो, मी खिडकीतून हाक मारते, तो पाठवतो. नको? अहो, एवढ्याशानं काय होतंय. बरं, नको तर नको. असं बघू नका माझ्याकडे. शाळेत मी असं बघायची पोरींकडे, की आपणच कबूल व्हायच्या.

बरं. मी होते घरी. झालं? मी होते. देवदत्तानं जाताना वहीच्या पानावर लिहून दिलं होतं — आत्ये, बिजली गेली-आली की हे बटण, मग हे, मग हे. मला इंग्रजी येतं, टायपिंगची परीक्षा मी अठ्ठावन्न साली पास झालेय, चाळीसच्या गतीनं. आणि तसंही रोज मी बसतच होते की. कोण म्हणजे? त्या निरोपांना उत्तरं कोण देत होतं मग? तो नोकरीवर जायचा. तुमच्या त्या मराठी लोकांच्या कोपऱ्यात, इंग्रजी अक्षरांतलं मराठी, पहिल्यांदा वाचताना माझी दातखीळच बसली, पण मग जमलं. श्रावणात कोणीतरी विचारलं, काशीत गंगेला पाणी किती आहे, आमचे वडील म्हणतात यात्रेला जावं का. मी खिडकीतून बघितलं आणि लिहिलं, आज ब्रह्मा घाटाच्या बावीस पायऱ्या कोरड्या आहेत. दुसऱ्या दिवशी एकोणीस. मग रोजच लिहायला लागले. मग लोकच विचारायला लागले, आज किती? पुण्याची लतिका म्हणून एक आहे, ती म्हणायची, मी सकाळचा चहा पायऱ्या वाचल्याशिवाय घेत नाही. आणि नागपूरचे एक गृहस्थ — अहो, तुम्हीच की! तुम्ही रोज विचारायचात. "देवदत्तजी, आज किती पायऱ्या?" काय करू, नाव त्याचंच होतं वर. देवदत्तजी खिडकीपाशी कधी उभा राहिला नाही, त्याला घाटाला किती पायऱ्या आहेत तेही माहीत नाही.

तर त्या दिवशी बिजली गेली. आली. मी पानावरचं सगळं बरोबर केलं, एक बटण चुकलं नाही, आणि त्या काळ्या पडद्यावर एक प्रश्न आला जो पानावर नव्हता. काय, तर — आलेले निरोप ज्यानं पाठवले त्याला परत पाठवायचे का? हो की नाही. आणि खाली, किती वेळा. आता सांगा, काय लिहाल तुम्ही? तुम्ही "नाही" लिहाल. कोणीही शहाणा माणूस "नाही" लिहील. मी — जरा थांबा. हे असं एकदम सांगता येणार नाही. माझे वडील कोण होते ते सांगते आधी.

माझे वडील वैदिक. वेदशास्त्र शिकायला गावोगावची मुलं यायची, आमच्या बाहेरच्या खोलीत रांगेनं बसायची, आणि पहाटे संथा सुरू व्हायची. संथा ठाऊक आहे ना? गुरूनं एकदा म्हणायचं, शिष्यांनी ते दोनदा म्हणायचं. जसंच्या तसं. स्वर हलता कामा नये, अक्षर गळता कामा नये. दोनदा परत म्हटलं की वडिलांनी पुढचं म्हणायचं. परत म्हटलं नाही तर? तर ते पोचलंच नाही! घेतलंच नाही त्यानं! वडील थांबून राहायचे. आम्ही असं वाढलो हो. पुस्तकाला कोणी विचारत नव्हतं, एकानं म्हटलं आणि दुसऱ्यानं दोनदा परत दिलं, असंच आलंय ते सगळं. मी आत वाती वळत बसायची. दार लोटलेलं. सगळं ऐकू यायचं. माझं तोंड हलायचं, आवाज नाही करायचे, नुसतं तोंड, दोनदा. नऊ वर्षांची असेन. एक दिवस एक मुलगा अडकला, विष्णु नाव त्याचं, चांगला होता बिचारा, पण अडकला, आणि सगळे थांबले, आणि माझ्या तोंडून मोठ्यांदा निघून गेलं. दोनदा. बरोबर. अगदी बरोबर, स्वरासकट. मग वडिलांचा आवाज आला, "आत जा." मी आतच होते हो. म्हणजे आणखी आत. स्वयंपाकघरात गेले. ते कधी रागावले नाहीत, त्यावर पुन्हा कधी बोलले नाहीत, माया होती त्यांची माझ्यावर. पण मला वाईट वाटलं. अजून वाटतं. साठ वर्षांची झाले, तरी पहाटे कुठे पाठ ऐकू आला की तोंड हलतं माझं.

तर तो पडदा मला विचारतो, आलेलं परत पाठवायचं का. मी काय म्हणणार? मला वाटलं, बरोबर आहे, नाहीतर त्या माणसाला कळणार कसं की पोचलं! इतक्या लांबून पाठवतोय बिचारा. मी "हो" दाबलं. किती वेळा? दोन. विचारसुद्धा केला नाही. हात आपोआप गेला दोनावर.

आणि काय झालं माहीत आहे? दुसऱ्या दिवशी निरोप दुप्पट आले. मला आनंद झाला! म्हटलं, वा, आपण पोच दिली तर लोक किती उत्साहानं लिहायला लागले. तुमच्या मशीनला स्वतःचेच परत आलेले निरोप नवे वाटले, तिनं ते सगळ्यांना धाडले, आम्हालाही धाडले, आम्ही पुन्हा दोनदा — हे मला काय ठाऊक? तिसऱ्या दिवशी चौपट. चौथ्या दिवशी ती डबी पहाटे पाचपासून नऊपर्यंत किंकाळ्या मारत होती आणि मी समोर बसून कौतुकानं ऐकत होते. काशीची संथा चालू आहे, म्हटलं. मूर्ख बाई!

देवदत्त आला लखनौहून, तर यादीतून नाव गेलेलं. मला विचारलं, आत्ये, काय झालं? आणि मी — बिजली, म्हटलं. माकडं, म्हटलं. तुम्हाला सांगितलं तेच. तोंडपाठ झालंय आता. त्यानं "बरं" म्हटलं आणि कम्प्युटरवर शाल घातली. तीन आठवडे झाले. जेवतो, जातो, येतो, झोपतो. आठ महिन्यांत कधी थकला नव्हता, आता आल्या आल्या पडतो. मी रोज ठरवते, आज सांगते, आणि रोज भाजीत मीठ बरोबर आहे का एवढंच विचारते. माझ्यामुळे त्याचं नाव गेलं आणि मी त्याला सांगू शकले नाही. ह्या वयात घाबरले मी. कोणाला? त्या पोराला! ज्यानं माझ्यापुढे कधी आवाज चढवला नाही, त्याला.

काय काढताय पिशवीतून? माझा चष्मा — थांबा, हा इथेच असतो. हं. हे पत्र कोणाचं? देवदत्ताचं? तुम्हाला लिहिलेलं? कधीचं हे... लखनौहून आल्याच्या दुसऱ्याच दिवशीचं. "चूक सर्वस्वी माझी. चाचणीसाठी तो प्रश्न प्रोग्राममध्ये मीच ठेवला होता आणि काढायला विसरलो. ज्याला उत्तर द्यावं लागलं, त्यानं आपल्या समजुतीप्रमाणे अगदी बरोबर दिलं. माझ्या घरातल्या कोणालाही दोष देऊ नये ही विनंती. नंबर परत नाही दिलात तरी चालेल..."

ठाऊक होतं त्याला.

पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि माझी माकडं ऐकून घेत होता. गधा! "अगदी बरोबर दिलं" म्हणे. कधी सांगितलं होतं मी त्याला संथेचं? लहानपणी सांगितलं असेन, निजवताना. लक्षात ठेवलंन. थांबा जरा. काही नाही, आल्याचा ठसका लागला. माझ्या चायमधल्या आल्याचा मलाच.

हे बघ श्रीनिवास — आता तुला अहोजाहो करत नाही, तू माझ्या देवदत्ताच्या वयाचा — तू असं लिही. सगळ्यांपुढे, जिथं बेजबाबदार लिहिलंस तिथंच. की चूक प्रभावतीची. वाराणसीच्या आत्याबाईची. नाव घाल, गाव घाल, मला लाज नाही. आणि त्याचा नंबर दे. मी पुन्हा हात लावणार नाही त्या बटणांना, संकठामाईची शपथ. पायऱ्याही लिहिणार नाही. लतिकेला म्हणावं, चहा घेत जा बाई, पायऱ्यांवाचून. पण त्याचं नाव शुक्रवारच्या यादीत —

काय? आज? आज किती पायऱ्या?

अरे, आत्ता त्याचं काय... सतरा. सकाळी सतरा होत्या. आज पाणी उतरतंय. पण तुला कशाला — तिकडे कुठे निघालास? एसटीडी? लाव, लाव, नागपूरला लाव, तुझ्या मागं मशीन सांभाळताहेत त्यांना. एवढा विचारतोस काय. — जोरात बोल, ह्या फोनवर कोणाला काही ऐकू जात नाही. — काय म्हणालास त्यांना? "आजींना"? आजी कोण इथं? आत्या म्हण.

बरं. बरं, शाल काढते. हे चालू केलं. हा पडदा आला. म्हणजे आता तिकडून फोन येणार? आणि ते एक ओळ पाठवणार — आणि आपण ती इकडून जशीच्या तशी परत पाठवायची, म्हणजे जोडणी नीट आहे हे त्यांना कळणार? मग तर झालं! ही तर — आणि मग नंबर परत? शुक्रवारी? खरं ना? आणि हे कोणी करायचं? तू बसतोस ना? मी? नको रे बाबा. अरे, ज्या बाईनं मद्रासपर्यंत गुडघा पोचवला... सगळं ऐकून घेतलंस तरी मीच? किती वेळा परत म्हणायचं? एकदाच. एकदाच. नक्की ना? लिहून दे हवं तर.

जिन्यात पावलं वाजतात, तोच आहे, दोन-दोन पायऱ्या चढतो मेला. देवदत्ता, तिथेच थांब! दारातच. पिशवी खाली ठेव. हे नागपूरचे श्रीनिवास, नंतर सांगते, सगळं सांगते, माकडांशिवाय सांगते. नाही, आत येऊ नकोस, ऐक नुसतं.

हा वाजला. उचलू नकोस, कम्प्युटरला उचलू दे. ही शिट्टी... आली. आली ओळ, बघ. वाचली मी. श्श! दोघंही गप्प बसा. आता मला म्हणायचंय.